पाटीवरची श्रीमती

आमच्या घंटाघराच्या पायथ्याशी एक संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावर माझं नाव आहे. या शहरात माझ्यासारख्या कितीतरी बायका लग्न होऊन आल्या, रांधून-वाढून थकल्या नि गेल्या. त्यांचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठे लिहिलं गेलं नाही. माझं मात्र दगडात कोरलेलं आहे. खरं तर अभिमानाची गोष्ट. पण त्या चौकातून जाताना मी आजही पदर पुढे ओढते आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते, म्हणजे तिकडे बघावं लागत नाही. सगळं आयुष्य जबलपुरात गेलं, पण तेवढ्या चौकातून मान वर करून मी कधी चालले नाही.

नावं मी इथे कुणाचीच घेणार नाही. एक तर तशी सवय नाही. ह्यांचं नाव मी आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलं, तेही बायकांनी दार अडवल्यावर. आणि दुसरं म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर लिहायला सोपं गेलं असतं.

घंटाघर आमच्या येण्याच्या खूप आधीचं. विलायतेत राणीच्या राज्याचा कसलासा मोठा सोहळा होता, तेव्हा सिविल लाइंसमधल्या साहेबाला वाटलं की या शहरातल्या लोकांना वेळेचं भान नाही. एका मालगुजाराने, म्हणजे इकडच्या जमीनदाराने, ते ऐकलं. त्याला दरबारात खुर्ची हवी होती. त्याने मनोरा बांधून दिला, घंटा जहाजातून मागवली, आणि पायथ्याशी इंग्रजीत पाटी लावली. तिच्यावर राणीचं नाव वर, साहेबाचं त्याखाली आणि स्वतःचं सगळ्यांत खाली, पण सगळ्यांत मोठ्या अक्षरात. खुर्ची त्याला मिळाली की नाही, ते कुणी नक्की सांगत नाही. त्याच्या पाटीत काही चूक असेल तर तीही कुणाला सापडली नाही, कारण ती वाचणारे थोडे होते.

पुढे जर्मनीच्या मोठ्या लढाईत ती घंटा उतरवली गेली. कुणी म्हणायचं तोफांसाठी वितळवली, कुणी म्हणायचं साहेब जाताना घेऊन गेला. माझे सासरे तर शपथेवर सांगायचे की ती नर्मदेत आहे, ग्वारीघाटाच्या पुढच्या डोहात, आणि नावाड्यांना ऐकू येते. एकूण काय, मी लग्न होऊन आले तेव्हा मनोरा होता, घड्याळ होतं आणि आवाज नव्हता. त्याचं कुणाचं काही अडत नव्हतं. आमच्या घराला तोफगाड्यांच्या कारखान्याचा भोंगा पुरत होता. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला मोठ्या दिरांचा डबा, आणि शेवटच्याला ते सायकलवरून निघत. आमचे हे मात्र कारखान्यात नव्हते. ते फौजेत होते, बिनतारी यंत्रावर. घरात त्याचं कौतुक होतं आणि थोडी अडचणही, कारण वर्षातून एकदा घरी येणाऱ्या माणसाला घरातल्या कामाची वाटणी कशी करून द्यायची, ते कुणालाच कळत नसे.

मग शहरात नवे कारखाने येणार, शहर मोठं होणार असं वारं सुटलं, आणि काही पुढाऱ्यांच्या मनात आलं की मुक्या मनोऱ्याची लाज वाटते. एक समिती झाली. या खेपेला घंटा कुणा एका धनिकाची नको, घराघरातून गोळा केलेल्या धातूची हवी, असं ठरलं. टांग्यावर लाउडस्पीकर बांधून माणूस गल्लीगल्लीतून ओरडत फिरला, "माताओं और बहनों, घंटाघर के लिए फूल दीजिए! हर घर से फूल दीजिए!"

आमच्या आळीत मराठी घरं बरीच. कोणी कारखान्यातलं, कोणी रेल्वेतलं. बायकांचं एक मंडळ होतं आणि माझ्या थोरल्या जाऊबाई त्याच्या सर्वेसर्वा. त्यांनी ते ऐकलं आणि निर्णय देऊन टाकला, "घंटेची पूजा असंल. चला, आपणही फुलं नेऊ. मराठी बायका मागं काहून राहतील?"

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊवाऱ्या नेसून निघालो. कुणाच्या हातात झेंडूची परडी, कुणाकडे तगर, एकीने तर रात्री बसून वेणी गुंफली होती. मी नवी, म्हणून जाऊबाईंनी मला पुढे घातलं. समितीच्या मंडपात एक मोठा तराजू टांगलेला होता आणि त्याच्या शेजारी थाळ्यांची रास. मी आपली परडी त्या तराजूत ठेवली. समितीचा चिटणीस चष्मा वर करून बघत राहिला. मोठा सालस माणूस होता तो, त्याला हसू आवरत नव्हतं तरी त्याने हात जोडले. म्हणाला, "दीदी, ये वाला फूल नहीं. थाली वाला फूल."

आपण ज्याला कासं म्हणतो, काशाची वाटी, काशाचा थाळा, त्याला इकडच्या हिंदीत फूल म्हणतात. हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. मंडप हसला. रस्त्यावरचे टांगेवाले हसले. जाऊबाई लालबुंद होऊन म्हणाल्या, "ही धाकटी म्हणाली, म्हणून आणली." मी काही म्हणाले नव्हते. पण मी मान खाली घातली आणि झेंडू परत परडीत भरले. ती पहिली लाज. आता आठवली की मलाही हसू येतं. दुसरीचं तसं नाही.

त्या आठवड्यात हे सुटीवर आले होते. मी रडत सांगितलं, ते पोट धरून हसले. मग मी चिडून म्हणाले, "मी आता असं भांडं देते, की पुन्हा कोणी हसणार नाही." माझ्याकडे माहेरून रुखवतात आलेला काशाचा मोठा थाळा होता. ह्यांचं जेवणाचं ताट तेच. घरी असले की त्यातच जेवायचे, आणि नसले की मी ते घासून फळीवर उभं ठेवायची.

"तुमचं ताट देऊ का हो?"

"दे ना. मी काय ताट खातो का?" हे म्हणाले. "चांगलं आहे की. मी नसलो तरी तासातासाला वाजून राहीन."

दोघं मिळून गेलो आणि थाळा तराजूत ठेवला. चिटणीसाने नाव विचारलं. मला सांगता येईना, ह्यांनीच माझं नाव सांगितलं. परत येताना ग्वारीघाटावर गेलो, दिवा सोडला, नावेत बसलो. चार दिवसांनी हे गेले.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी चीनची लढाई झाली. रेडिओभोवती सगळी आळी गोळा व्हायची. कारखान्याचे भोंगे रात्रंदिवस वाजायला लागले, मोठे दीर घरी फक्त झोपायला यायचे. ह्यांची पत्रं थांबली. लढाई संपली तरी थांबलेलीच राहिली. मग तार आली. तिच्यात मेले असं लिहिलेलं नव्हतं आणि आहेत असंही नव्हतं. बेपत्ता. सासरे ती तार उलटसुलट करून बघायचे, जणू मागच्या बाजूला काही राहिलं असेल. मोठे दीर रोज छावणीत जाऊन विचारून यायचे. घरात कुणी मला काही बोललं नाही, इतकं काही बोललं नाही की मला वाटायला लागलं, सगळ्यांना कळलंय, फक्त मला सांगायचं राहिलंय.

त्यात ते ताट. जाऊबाई एकदाच बोलल्या, तेही भिंतीकडे बघून, "नवऱ्याचं ताट कोणी घराबाहेर देते का, बापा." फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघवेना म्हणून मी तिथे डाळीचे डबे लावले. मला स्वतःची इतकी लाज वाटायची की मी सगळ्यांच्या शेवटी, उभ्याउभ्या जेवायला लागले.

घंटा तयार झाली. बनारसकडचे ओतारी येऊन ओतून गेले होते. लढाईमुळे समितीने ठरवलं की ही घंटा आता सीमेवरच्या वीर जवानांच्या सन्मानासाठी, आणि ज्या बायकांनी काशाची भांडी दिली त्यांची नावं पाटीवर कोरायची. माझ्यामागोमाग जाऊबाईंनी आणि आळीतल्या बाकीच्या बायकांनीही भांडी दिली होती. उद्घाटनाला मी जाणार नव्हते. जाऊबाईंनीच नेलं, म्हणाल्या, "चल, तुझंही नाव आहे." पडदा सरकला, टाळ्या झाल्या, मनोऱ्यावरच्या चौकीदाराने हातोडा मारला आणि पहिला टोल झाला. आवाज गोड होता. मला त्यात ताट पाटावर ठेवल्याचा आवाज ऐकू आला, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मग बायका पाटीजवळ गेल्या आणि जागीच थबकल्या. प्रत्येकीच्या नावामागे कोरलं होतं, श्रीमती.

आजच्या मुलींना यात काय विशेष ते कळणार नाही. पण तेव्हा आमच्यात जिचा नवरा आहे ती सौ., आणि जिचा गेला ती श्रीमती. लग्नपत्रिकेवर, पाकिटावर, कुठेही. पोस्टमनलासुद्धा पाकीट बघून कळायचं की आत बोलायचं कसं. हिंदीत मात्र लग्न झालेली प्रत्येक बाई श्रीमती. चिटणीसाने आपल्या समजुतीप्रमाणे आम्हाला मानच दिला होता. आणि आमच्या आळीतल्या सगळ्या बायका एका रांगेत, दगडात, विधवा होऊन उभ्या होत्या.

जाऊबाईंचा आवाज चौकभर गेला. "अहो भैयाजी, आमचे नवरे जिवंत हायेत! हे काय लिहून ठेवलं?"

चिटणीस गडबडला. "दीदी, इसमें गलत क्या है? शादीशुदा को श्रीमती ही तो कहते हैं।"

"तुमच्यात म्हणत असतील! आमच्यात नाही म्हणत!"

त्याला शेवटी कुणीतरी समजावून सांगितलं तेव्हा त्या बिचाऱ्याने दोन्ही कान पकडले. पाटी दुरुस्त करून देतो म्हणाला, कुणाकुणाचं बदलायचं तेवढं सांगा. संक्रांत तोंडावर होती, हळदीकुंकवाच्या आधी व्हायला हवं असं जाऊबाईंनी बजावलं. मी मागे उभी होते. मला त्या सगळ्या गोंधळात बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. कितीतरी दिवसांनी मी सगळ्यांसारखी होते. सगळ्यांची चूक तीच माझी चूक, आणि दुरुस्ती होईल ती सगळ्यांचीच होईल.

कारागीर आला, काम करून गेला. मी बाजारात गेले असताना मुद्दाम वाट वाकडी करून पाटी बघायला गेले. त्याने जुनी अक्षरं घासून काढली होती. दगड तिथे खोलगट झाला होता आणि त्या खळग्यात नवीन सौ. कोरलं होतं. जाऊबाईंच्या नावामागे खळगा. शेजारणीच्या नावामागे खळगा. मी बोट फिरवत खाली आले. माझ्या नावामागे दगड गुळगुळीत होता. श्रीमती तशीच होती.

मला आधी वाटलं, राहून गेलं असेल. समितीच्या खोलीत गेले. चिटणीस उठून उभा राहिला, माझ्याकडे बघेना. "वो... आपके घर से ही कहलवाया था, दीदी। कि इनका अभी रहने दीजिए।"

घरी येऊन मी काही विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती असं नाही. उत्तर माहीत होतं. जाऊबाईंनी हे दुष्टपणाने केलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल, आज सौ. कोरायचं आणि उद्या तार आली तर परत घासायचं, दगड किती वेळा घासणार. घरातल्या शहाण्या बाईने जो विचार करावा तोच त्यांनी केला. पण ज्या दिवशी चूक होती त्या दिवशी मी विधवा नव्हते. चूक दुरुस्त झाली आणि मी झाले.

संक्रांतीनंतर घरी हळदीकुंकू होतं. बायका यायच्या जरा आधी जाऊबाई म्हणाल्या, "तू आत चहाचं बघ जरा. इतका चहा माझ्यानं एकटीनं कसा होईल?" मी आत गेले. बाहेर करंडा फिरला, अत्तर लागलं, वाण वाटलं गेलं. कुणीतरी म्हणालं, नाव घ्या, नाव घ्या, आणि एकेकीचे उखाणे सुरू झाले. मी स्टोव्हला पंप मारत राहिले, म्हणजे ऐकू येणार नाही. समोरच्या घरातली हिंदी भाभी पाणी प्यायला आत आली. मला बघून म्हणाली, "अरे, तुम यहाँ क्यों बैठी हो? चलो बाहर. तुम्हारा नाम तो पत्थर पे सबसे साफ लिखा है। बाकी सबका तो खोद-खोद के बिगाड़ दिया।"

तिने पाटी वाचली होती आणि तिच्या वाचण्यात मी नवऱ्याची बायको होते. एकच शब्द, अर्ध्या शहराला मी सवाष्ण आणि अर्ध्या शहराला विधवा. मी स्वतःला पुष्कळ समजावलं की पाटी हिंदी आहे, हिंदीतच वाचायची. पण ते जमायचं नाही. नजर गेली की मराठीतच वाचायची. कुंकू मी पुसलं नाही. फक्त ते रोज थोडं लहान लावायला लागले. कुणी पाहिलं तर आहे असं वाटावं आणि कुणी हसायला बघितलं तर दिसू नये, एवढंसं. असं करण्याची मला जितकी लाज वाटली तितकी दुसऱ्या कशाचीच वाटली नसेल.

उन्हाळ्यात बातमी आली की हे जिवंत आहेत. चीनच्या कैदेत होते आणि कैद्यांना सोडून देत होते. सासऱ्यांनी आळीत पेढे वाटले. जाऊबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि त्या रडण्यात काही खोटं नव्हतं. हे आले तेव्हा पायाची दोन बोटं बर्फात गेली होती, गालफडं बसली होती आणि डोळे कुणाच्याही डोळ्यांना भिडत नव्हते. मी ॲल्युमिनियमच्या ताटात वाढलं. तेवढ्यात घंटाघराचे टोल पडले. ह्यांनी घास थांबवला, ऐकलं, आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा हसले. "ताट वाजून राहिलं," म्हणाले.

पण लोक भेटायला यायला लागले आणि घराला वेगळीच लाज सुटली. कुणी स्पष्ट विचारायचं, "पकडे कैसे गए? हाथ ऊपर किए थे क्या?" कुणी नुसतं म्हणायचं, "चलो, जान बची," आणि चहा न पिता उठायचं. जाऊबाई सांगायच्या की बर्फात अडकले होते. मोठे दीर कारखान्यात सांगायचे की दवाखान्यात होते. कैद हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेला नाही. 'तिकडे होते' असं म्हणायचं. सहा महिने हे मेले असतील म्हणून ज्यांनी डोळ्यांत पाणी आणलं, त्यांनाच आता हे जिवंत कसे राहिले, याचं उत्तर हवं होतं.

जाऊबाईंना पाटीची आठवण झाली. माझ्या देखत दिरांना म्हणाल्या, "आता हिचं सौ. करून आणा बरं. पहिले ते काम करा." कारागिराला निरोप गेला. मी मनातून किती वाट बघत होते, ते माझं मला माहीत. ह्यांनी विचारलं, कसलं सौ.? मी सांगितलं, फुलांपासून स्टोव्हपर्यंत सगळं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला चौकात घेऊन गेले. पाटी वरून खालपर्यंत वाचली. वरची ओळ, वीर जवानांच्या सन्मानाची, दोनदा वाचली.

"राहू दे," हे म्हणाले.

"काय राहू दे?"

"हे असंच राहू दे. बदलू नको."

मला वाटलं मस्करी करतायत. "काहून पण?"

हे पाटीकडेच बघत होते. "या दगडावर तू श्रीमती आहेस ना, म्हणून मी वीर आहे. सौ. केलंस की मी कैदी होतो. सगळं गाव विचारंल, काहून बदललं? मग प्रत्येकाला सांगत बस."

मला इतका राग आला की मी चौकात, चारचौघांत, ह्यांच्याशी भांडले. "अन् माझं काय? माझ्या कपाळाचं काय?"

"कपाळावर तर आहेच ना," हे म्हणाले. "मी पाहून राहिलो की. लहान काहून लावलंस एवढं?"

मी पदर पुढे ओढला आणि घराकडे वळले. कारागीर परत गेला. जाऊबाईंना सांगितलं की ह्यांची इच्छा. त्यांना ते कळलं नाही, आणि आम्ही समजावून दिलं नाही.

तर अशी मी, नवरा घरात, आणि पाटीवर विधवा. आळीत नवी सून आली की हमखास विचारायची, काकू, आपल्यात तुमचं एकटीचंच श्रीमती कसं? मी म्हणायची, त्यांच्या लक्षात राहिलं नाही. हे फौजेतून सुटले, सरकारी कचेरीत लागले. कचेरी जवळ होती पण हे नेपियर टाउनवरून लांबचा वळसा घेऊन जायचे, म्हणजे घंटाघर लागत नाही. पाऊल आखूड पडायचं, तरी वळसाच. घरात मात्र टोल पडले की न चुकता म्हणायचे, "वाढ गं, माझं ताट वाजलं." चौकीदार चहाला गेला की टोल उशिरा पडायचे, मग आम्ही उशिरा जेवायचो.

बांगलादेशच्या लढाईनंतर शत्रूचे कैदी आमच्याच शहरात आणून ठेवले. ट्रक यायचे आणि लोक दुतर्फा बघायला उभे राहायचे, पोरांना खांद्यावर घेऊन. मोठे दीर म्हणाले, चल, बघून येऊ. हे गेले. लोक हसत होते, ओरडत होते. परत आल्यावर हे जेवायला बसले नाहीत. अंगणात खाटेवर पडून राहिले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "त्यांच्या गावातही आता कोणी काही कोरून राहिलं असंल."

हे गेले ते पुष्कळ वर्षांनी, घरात, अंथरुणात, साध्या तापाने. मोठे दीर त्यांच्या आधीच गेले होते. शेवटचे काही दिवस हे टोलांकडे कान लावून असायचे, पण ताटाचं म्हणायचे नाहीत. ह्यांना उचलून नेलं आणि घरात बायका राहिल्या. रीत असते. जाऊबाई आता थकल्या होत्या, काठी घेऊन चालायच्या. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, पदराचं टोक ओलं केलं आणि माझं कुंकू पुसायला हात पुढे केला. त्यांचे डोळे भरलेले होते. मी ते पाहिलं आणि तरीही बोलले.

"राहू द्या, जाऊबाई. ते तुम्ही तेव्हाच पुसलं."

हात तिथेच थांबला. बायकांना काही कळलं नाही, पण जाऊबाईंना कळलं. इतक्या वर्षांत आमच्यात पाटीचा विषय निघाला नव्हता, तरी एका क्षणात कळलं. त्यांनी काही सबब सांगितली नाही. त्याच ओल्या पदराने त्यांनी स्वतःचं कपाळ पुसलं. तिथे कितीतरी वर्षांत काही नव्हतं. पाटीवर मात्र त्या अजून सौ. होत्या, खळग्यातल्या, आणि मी आयुष्यभर त्या अक्षरांचा हेवा केला होता.

मला बोलल्याची लाज वाटली. त्यांचा हात मी हातात घेतला. कुंकू मी अजून लावते, मोठं लावते.